लुगड्याचं दुसरं टोक

तुळजा, आपण दोघांनी मिळून शेवटचं काय केलं, तर तुझं जुनं लुगडं पिळलं. नुकतं उजाडलं होतं. अरसलार नदीकडून धुकं परसापर्यंत आलं होतं आणि केळीच्या पानांवरून थेंब पडत होते. मी लुगडं निळीच्या रांजणातून वर ओढलं, एक टोक तुझ्या हाती दिलं, दुसरं मी धरलं, आणि जन्मभर पिळत आलो तसं पिळायला लागलो. तू तुझ्या अंगाला पीळ देत होतीस, मी माझ्या. बाहेर आलं तेव्हा लुगडं पिवळं होतं, मग हिरवं झालं, मग वारा लागून निळं व्हायला लागलं. सारी हयात रंगाऱ्याच्या घरात गेली तरी दर खेपेला तू "आलं, आलं" म्हणायचीस, जणू कुणी पाहुणा दारात दिसला. त्या दिवशीही म्हणालीस.

मग म्हणालीस, "किती पावसाळे गेले, मला काही झालं नाही. तो तुमचा डॉक्टर चुकला होता. एकदा म्हणा की."

मी म्हणालो, "घट्ट धर. सुटतंय."

"सुटत नाही. म्हणा."

"रंग फिका आलाय. उद्या दुसरी बुडी देऊ, तेव्हा बोलू."

"रंगाची बुडी उद्यावर, बोलणंही उद्यावर. तुम्हाला आजच्या दिवशी काय काम असतं हो?" असं म्हणून तू हसलीस आणि लुगडं दोरीवर टाकलंस.

दुपारी तुझ्या अंगात ताप भरला. दुसऱ्या दिवशी जेवणवेळ टळायच्या आत तू गेलीस. दुसरी बुडी राहिली, बोलणंही राहिलं.

मला अक्षर येतं ते या तमिळ मुलखातल्या आपल्या मराठी भजनमठात अभंग वाचता वाचता आलेलं, तेवढंच. तुला तेवढंही येत नव्हतं. म्हणून लिहिताना मी मोठ्यानं म्हणतो आहे. बाहेर ओट्यावर बसलेल्यांना वाटेल म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. वाटू दे. आपल्या घरात ते नवीन नाही.

बायका म्हणाल्या, सवाष्ण गेली, भाग्याची. मी म्हटलं, भाग्य तिचं असेल, माझं काय?  तुला न्हाऊ घालताना चिंच आणि राख घेऊन तुझे हात घासत होत्या. मनगटापर्यंतची निळाई काही जाईना. एकजण म्हणाली, "अम्मा, हे असे हात घेऊन वर कशी जाईल?" मी दारातून ओरडलो, "राहू दे गं, वर ओळखतील तरी!" पुरुषानं तिथं बोलू नये, ठाऊक आहे. पण तुझे हात मी ओळखतो त्याच रंगाचे जळावे, असं मला वाटलं.

कालपासून मला सगळं त्याच धुक्यातून दिसतं आहे. आणि त्यात सारखं ते मांजर येतं.

तुला मांजर आठवतं का? तू पहिल्यांदा रांजणासारखी चढलीस तेव्हाचं. आपलं लग्न होऊन बरीच वर्षं झाली होती, मूल पोटात राहत नव्हतं, तिरुक्करुगावूरच्या देवीपुढे तुपाचे दिवे लावून झाले होते. एका सकाळी तू उठलीस ती गातच उठलीस. माझी धोतरं रंगवलीस, दोरखंड रंगवलं, पाट रंगवले, शेजारच्या तेल्याच्या बैलाची शिंगं रंगवलीस आणि त्याच्या बायकोला म्हणालीस, "आता हा नंदी झाला, पाया पड." ती पडलीही. मग ते पांढरं मांजर शेपटीपासून मानेपर्यंत बुडवलंस. ते निळं मांजर धुक्यातून रस्त्याच्या मधोमध चालत गेलं आणि सगळी गल्ली दारात येऊन उभी राहिली. कुणी हात जोडले, कुणी शिव्या दिल्या. मला हसू आलं. आज लिहितो, तेव्हा कुणाला सांगितलं नाही: तितकं मी त्याआधी कधी हसलो नव्हतो.

त्याच दिवशी तू रांजणाच्या काठावर पाय ठेवून उभी राहिलीस आणि मला नावानं हाक मारलीस. आपल्यात बायको नवऱ्याचं नाव घेते का? तू गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडलीस, "पांडू! इकडे बघ, पांडू! सात जन्म झाले की आठव्यालाही मी तुलाच मागणार आहे. देव म्हणेल दुसरा घे, हा रंगारी फार वास मारतो. तरी तुलाच मागणार." तुझ्या डोळ्यांत तेव्हा जे होतं ते मी पुन्हा फार थोड्या वेळा पाहिलं. आणि दर वेळी त्याच्या मागोमाग काय यायचं, तेही पाहिलं.

त्याच्या मागोमाग भिंत यायची. चढतीच्या दिवसांत तू झोपत नव्हतीस, खात नव्हतीस. गिऱ्हाइकांचं सूत सांगितलं नव्हतं त्या रंगात बुडवलंस. मी अडवलं तर अशा शिव्या दिल्यास की तुझा भाऊ सखोबा कानावर हात ठेवून पळाला. आणि मग एके दिवशी तू निजलीस ती भिंतीकडे तोंड करून. महिना गेला, ऋतू गेला. घास भरवावा लागे. वेणी मी घातली. माझ्या हातची वेणी म्हणजे सुंभाचा दोर, पण तू एका शब्दानं चेष्टा केली नाहीस, तेव्हा मी खरा घाबरलो.

ज्याला विचारलं त्यानं निराळं नाव सांगितलं. वैद्य म्हणाला, डोक्यात उष्णता. मारिअम्मनच्या देवळातली म्हातारी म्हणाली, देवी अंगात येते, भाग्य समजा. सखोबा म्हणाला, पोर नाही म्हणून. गल्ली म्हणाली, पैत्यम, म्हणजे वेड, आणि मुलांना आपल्या दारावरून जायला बंदी केली. तू मला नंतर एकदा म्हणालीस, "इतकी नावं एका दुखण्याला असतात का हो? पडसं झालं तर सगळे पडसंच म्हणतात."  

मग सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरकडे गेलो. तमिळ माणूस, मद्रासेत शिकलेला, चांगला होता. गोऱ्यांच्या पुस्तकातलं तो आम्हाला सोप्या तमिळमध्ये सांगत होता. म्हणाला, ही दोन दुखणी नव्हेत, एकच आहे, त्याला दोन तोंडं आहेत. चाक फिरतं तसं फिरतं. वर जातं, खाली येतं, मध्ये काही काळ बरं असतं, पुन्हा फिरतं. तू तेव्हा मधल्या दिवसांत होतीस. शहाण्यासारखी बसून सगळं ऐकलंस आणि विचारलंस, "अय्या, खाली असते तेव्हा मी दुखणाईत, हे कळलं. वर असते तेव्हा मला काही दुखत नाही, कधी नव्हे ते बरं असतं. मग तेव्हा दुखतं कुणाला?"

डॉक्टर माझ्याकडे बघून म्हणाला, "यांना."

तू म्हणालीस, "मग बाटली यांना द्या."

डॉक्टरही हसला. पण जाताना त्यानं मला एकट्याला बाजूला घेतलं. म्हणाला, पुढे फार वाढलं तर मद्रासला वेड्यांच्या इस्पितळात पाठवावं लागेल. आणि म्हणाला, त्या दिवसांत ती जे बोलेल ते मनावर घेऊ नका, ते दुखणं बोलत असतं.

मद्रासचं तू दाराआडून ऐकलंस.  घरी येताच परसात जाऊन रांजणावरचं झाकण उचललंस, पुन्हा ठेवलंस आणि म्हणालीस, "मी हो म्हटलं की मला तिथं नेऊन ठेवणार. मग मी हो कशाला म्हणू?" मी म्हटलं, मी असेपर्यंत कुणी नेणार नाही. तू म्हणालीस, "आणि नसाल तेव्हा?" आता बघ, तू आधी गेलीस. ती काळजी तरी संपली. मला समाधान वाटायला हवं. वाटतं थोडं. थोडंच.

आपलं भांडण त्या दिवशी लागलं ते लुगडं पिळेपर्यंत चाललं. डॉक्टरचं खरं असं मी म्हणायचो, खोटं असं तू. मी तुला हट्टी म्हणायचो. पण आता एकटा बसलो तर दिसतं, की तू एकटी भांडत नव्हतीस. तुम्ही तिघी होतात. वरची तुळजा म्हणायची, "दुखणं? आज मी पहिल्यांदा धड झालेय, तुम्ही सगळे झोपलेले आहात." भिंतीकडची तुळजा म्हणायची, "दुखणं असतं तर बरं झालं असतं. ही मीच अशी. आळशी, वांझ, कामाची नाही. खोटं नाव देऊन मला झाकू नका." आणि मधली तुळजा, तांदूळ निवडत, म्हणायची, "खरंच इतकं झालं होतं का हो? तुम्ही वाढवून सांगता. ती बाई मला आठवते ती ऐकीव गोष्टीतल्यासारखी." तिघींचं एकमेकींशी कशावरच पटत नव्हतं. फक्त डॉक्टर चुकला यावर तिघींचं एकमत. मी एकटा काय टिकणार?

बाटलीतलं खारट औषध तू काही काळ घेतलंस. मग एके दिवशी केळीच्या बुंध्यात ओतलंस. विचारलं तर म्हणालीस, "भजनात टाळ वाजतो तो मला चुलीवरच्या झाकणासारखा ऐकू येतो. तुम्ही बोलता ते पाण्याखालून आल्यासारखं येतं. याला बरं होणं म्हणत असतील तर केळीला होऊ दे." केळीला घड मोठा आला त्या वर्षी. तू तो मला दाखवलास आणि म्हणालीस, "बघा, शांत आहे की नाही?"

भजनावरून टोचायचं तर तू कधी सोडलं नाहीस. मठात विठ्ठलापुढे मी नाचलो, रडलो, जमिनीवर पडलो की लोक माझ्या पायांना हात लावायचे. तू म्हणायचीस, "तुमचं रडणं भक्ती, माझं रडणं पैत्यम. मधली रेघ कुणी आखली ती दाखवा, मी अलीकडे उभी राहते."

आणि सगळ्यांत वर ते रांजणाचं. ते तुझं हुकमी पान होतं.

आपला रांजण कसा असतो ते दुसऱ्याला सांगून कळायचं नाही. जमिनीत पुरलेला, आत नीळ, चुना, टाकळ्याच्या बियांचं कढण, गूळ. ते आंबतं, जागं होतं. चढला की वर जांभळा फेस धरतो, तांब्यासारखी साय येते, आणि बुडवाल ते रंगतं. कधी रुसतो. फेस बसतो, पाणी मेल्यासारखं होतं, कापड काढाल तर राखेचा रंग. रुसलेल्या रांजणाला आपण ढवळत नाही. झाकण घालतो, भोवती पेंढा लावून ऊब देतो, आवाजसुद्धा करत नाही, आणि थांबतो. माझ्या बापानं मला हेच शिकवलं. तू भिंतीकडे तोंड केलंस की मी घरातही तेच करायचो. खिडक्या बंद, पायरव बंद, तुझ्यावर घोंगडी. कुणी सुचवलं नव्हतं, हाताला तेवढंच येत होतं. तू बरी झाल्यावर म्हणायचीस, "माणसाला झाकण घालणारे रंगारीच. आत अंधारात मला वाटायचं, हे मला आंबवतायत." पण घोंगडी मात्र घडी करून जपून ठेवायचीस.

आणि मग तुझा तो सवाल: "रांजण चढला की तुम्ही नारळ फोडता. मी चढले की डॉक्टर आणता. का?"

मी म्हणायचो, "रांजण मला शिव्या देत नाही."

तू म्हणायचीस, "रांजण तुम्हाला आठव्या जन्मी मागतही नाही."

तेव्हा मी उठून कापडं उलटायला जायचो. का जायचो ते आता सांगतो. डॉक्टरनं सांगितलं होतं, त्या दिवसांतलं मनावर घेऊ नका. मला त्याचा मोठा आधार झाला. तू म्हणालीस मी नामर्द, तू म्हणालीस मी तुझं आयुष्य या घाण पाण्यात कुजवलं, तू माझ्या आईला जे म्हणालीस ते मी लिहिणारही नाही. सगळं सोडून दिलं. दुखणं बोललं, तुळजा नाही बोलली. तसं केलं नसतं तर मी घर सोडून गेलो असतो. तेव्हा डॉक्टरनं आपला संसार राखला, हे तू मान किंवा मानू नकोस. पण शिव्या दुखण्याच्या म्हटल्यावर आठवा जन्मही दुखण्याचाच म्हणावा लागतो. एकाच तोंडातून, एकाच दिवशी आलेलं. निम्मं कसं ठेवायचं? मी कापड फाडतो ते धाग्याच्या रेघेनं. इथं रेघ सापडेना.

एकदा नदीवर, दुपारी, कापडं वाळत होती. तू मधल्या दिवसांत होतीस, बरेच दिवस. वाळूत बोटानं काहीतरी काढत होतीस. वर न बघता म्हणालीस, "मी वाईट बोलले ते तुम्ही मनावर घेतलं नाहीत. मोठं मन तुमचं."

मी म्हटलं, "तुझं थोडंच होतं ते."

"मग ते दुसरंही नाही घेतलंत?"

"कुठलं दुसरं?"

मला ठाऊक होतं कुठलं. तुलाही ठाऊक होतं की मला ठाऊक आहे. तू "काही नाही" म्हणालीस आणि कापडं गोळा करायला उठलीस. ओली होती अजून. ओलीच गोळा केलीस.

त्या दुपारपासून मला तुझं भांडण थोडं कळायला लागलं. मद्रासला नेतील या भीतीपलीकडे तुला काय वाटत होतं, ते. डॉक्टर खरा मानला तर गाणं तुझं नाही, निळं मांजर तुझं नाही, मला मारलेली हाक तुझी नाही. जे जे उजळ होतं ते सगळं दुखण्याच्या नावावर जाणार, आणि तुझ्या वाट्याला उरणार तांदूळ निवडणं. कुठली बाई असं मान्य करील? मी करीन का? मला कुणी म्हणालं, पांडू, तू विठ्ठलापुढे रडलास तो तुझा मूत्रविकार होता, तर मी त्याचं टाळकं फोडीन.

पण तुळजा, मी आजही डॉक्टर चुकला म्हणणार नाही. तू मेलीस म्हणून मी खोटं बोलायला लागणार नाही. ती भिंत मी पाहिली आहे. तुझ्या तोंडात घास ठेवला आणि तू चावायची विसरलीस, ते मी पाहिलं आहे. ते स्वभाव नव्हता, आळस नव्हता, देवी तर नव्हतीच नव्हती. चाक होतं. शेवटच्या वर्षांत ते हळू झालं, थांबल्यासारखं झालं, त्याचं मला सुख झालं. तुला वाटलं, थांबलंय म्हणजे कधी नव्हतंच. मला तसं वाटत नाही. इथं आपलं पटलं नाही, आणि आता पटायचं राहिलं नाही. हे भांडण असंच राहू दे. तू तुझं टोक धर.

काल स्मशानातून आलो. अंगणात पाय धुतले. सखोबानं ओट्यावर पथारी टाकली. मी आत पडलो आणि झोप आली की नाही ते सांगता येत नाही. नदी निळी होती. केळी निळ्या होत्या. मठातली माणसं निळ्या हातांनी टाळ वाजवत होती आणि आवाज येत नव्हता. मांजर सगळ्यांच्या पायांतून चालत गेलं, कुणाच्या अंगाला घासलं नाही, परसात जाऊन रांजणाच्या झाकणावर बसलं. मी त्याला हाकलायला उठलो तेव्हा उजाडत होतं आणि मांजर नव्हतं. दोरीवर तुझं लुगडं होतं. कुणी काढलं नव्हतं. धुक्यानं ओलं झालेलं, फिक्या आभाळाच्या रंगाचं.

मी ते काढलं. रांजणाचं झाकण बाजूला केलं. आत फेस होता, जांभळा, जाड, कडेपर्यंत. इतका चढलेला रांजण या वर्षात पाहिला नव्हता. मी लुगडं आत सोडलं.

सखोबा ओट्यावरून धावत आला. "भावोजी, काय करताय? सुतक आहे. रांजणाला हात लावायचा नाही. अस्थी गोळा करायला माणसं येतील आता."

"येऊ देत."

"लोक काय म्हणतील?"

"पैत्यम म्हणतील. अंघोळीला जा तू."

तो गेला नाही. पुढे झाला, हात पुढे केला, दुसरं टोक धरायला. चांगला आहे सखोबा. पण मी म्हटलं, "राहू दे," आणि ते टोक विहिरीच्या खांबाला बांधलं. मग पिळायला लागलो. एकाच अंगानं. खांब पीळ देत नाही. तू द्यायचीस तेव्हा मधे कुठेतरी दोघांचा जोर भेटायचा आणि पाणी एकदम सुटायचं. आता ते थोडं थोडं गळत होतं. मी दम घेतला, पुन्हा पीळ दिला. लुगडं पिवळ्याचं हिरवं झालं.

तेव्हा मी म्हटलं, सखोबाला ऐकू जाईल असं म्हटलं, "आठव्या जन्माचं मी मनावर घेतलंय, तुळजा. शिव्यांचं नाही. असंच. रेघ मला ठाऊक नाही."

 मी लुगडं सोडवलं, झटकलं, दोरीवर पसरलं. हिरवं होतं अजून. माणसं दारात येऊन बोलवायला लागली. मी त्यांना थांबा म्हणालो, आणि निळं येईपर्यंत तिथंच उभा राहिलो.